जिथे त्या भेटतात तिथे बोट ठेवा

मला एका अख्ख्या प्रश्नाचे मार्क फुकट मिळाले, आणि त्या दिवशी माझं डोकं जे तापलं ते अजून पुरतं निवलेलं नाही. लोक म्हणतात, फुकट मिळतंय तर घ्यावं आणि गप्प बसावं. भीक नको पण कुत्रा आवर, अशी वेळ त्यांच्यावर आलेली नसते, म्हणून म्हणतात.

मी जन्मापासून आंधळी आहे. याला हल्ली बरेच गोड शब्द निघालेत. ते ऐकले की मला दातदुखी होते, म्हणून मी आंधळीच म्हणते. परीक्षेला मला वेगळ्या खोलीत बसवतात आणि सोबत एक लेखनिक देतात. ती प्रश्न वाचते, मी उत्तर सांगते, ती लिहिते. नियम असा की लेखनिकाला गणित येता कामा नये, नाहीतर मदत करेल. नियम चांगला आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्या वर्षी मला मिळालेली लेखनिक इतिहासाची होती. तिचा आवाज एवढा खणखणीत की मी मनात तिचं नाव दवंडी ठेवलं.

पेपर रेषीय बीजगणिताचा होता. सातवा प्रश्न संपला. दवंडीने पान उलटलं आणि म्हणाली, "आता नववा."

"आठवा कुठे गेला?"

"तो तुला नाहीये. वर लिहिलंय ना. आकृती असल्यामुळे दृष्टिहीन परीक्षार्थींना या प्रश्नातून सूट, सरासरी गुण दिले जातील. मग कशाला वाचू? तुझा वेळ वाचेल."

"तरी वाच."

"अगं, पण मार्क मिळणारच आहेत."

"तू वाच तर खरी."

एवढ्यात दाराशी खुर्ची टाकून बसलेले पर्यवेक्षक उठून आले आणि म्हणाले, "सूट आहे ना, मग पुढे चला, उगाच गोंधळ नको." दवंडी पुढे गेली. बिचारीच्या मनात काही वाईट नव्हतं. माझं वाईट करणाऱ्यांच्या मनात सहसा काही वाईट नसतंच, आणि हीच माझी मोठी अडचण आहे. भांडायचं कुणाशी?

आता यात बिघडलं काय, ते सांगते. सूट एकटी येत नाही, ती मार्कशीटवर एक तारा घेऊन येते. तारा गणितासमोर छापतात आणि खाली बारीक अक्षरांत लिहितात, 'भूमितीय भागातून सूट.' मी ज्या अंधशाळेत शिकले तिथे गणित त्रिकोणापाशी थांबतं. त्रिकोण आला की मुलांना सांगतात, पुस्तक मिटा, आता गाण्याचा तास. तिथल्या मुख्याध्यापिका, आम्ही त्यांना नुसतं बाई म्हणतो, स्वतः आंधळ्या आहेत. त्यांनी विश्वस्तांशी किती तरी भांडून गणिताच्या शिक्षिकेची एक जागा निर्माण केली आणि ती माझ्यासाठी धरून ठेवली. विश्वस्तांची अट एकच, मार्कशीटवर सूट दिल्याचा शेरा नको. जिला स्वतःला सूट लागली ती मुलांना काय शिकवणार? अट ऐकून मला राग आला नाही. मी त्यांच्या जागी असते तर मीही हेच विचारलं असतं. म्हणजे तो तारा आला की माझी जागा गेली, आणि शाळेतलं गणित त्रिकोणापाशीच बसून राहिलं.

आणि सूट कशातून? तर रेषा आणि प्रतलं यांतून. ज्या एका गोष्टीत मला कुणाच्या बोटाला धरून चालावं लागत नाही, नेमकी तीच.

आईची लाँड्री आहे. खाली दुकान, वर कपडे वाळवायची गच्ची. रेषा म्हणजे काय ते मला तिथे कळलं, कॉलेजात नव्हे. आई माझा हात भिंतीतल्या खिळ्यावर ठेवायची आणि म्हणायची, "इथून दोरी सुटते, पाण्याच्या टाकीकडे जाते. जा." एक खिळा आणि एक दिशा. एवढ्यावर मला अख्खी दोरी मिळायची. पुढे कॉलेजात कळलं की याला रेषेचं समीकरण म्हणतात. खिळ्याचे तीन आकडे, दिशेचे तीन आकडे, आणि टी म्हणजे तुम्ही खिळ्यापासून किती चाललात ते. मी म्हटलं, एवढंच होय? प्रतलही तसंच. दोन दोऱ्यांवर ओली चादर ताणून घातली की झालं प्रतल. चादरीवर कुठेही हात ठेवा, त्या जागेचे तीन आकडे एकच समीकरण पाळतात. नाही पाळलं तर तुमचा हात हवेत आहे.

आमच्या गच्चीवर एक दोरी लांबीची होती आणि एक आडवी. आडवी हातभर खाली बांधलेली, म्हणजे दोऱ्या एकमेकींना घासून झिजू नयेत. शेजारच्या इमारतीतली एक बाई वरच्या खिडकीतून बघून ओरडायची, "अहो, तुमच्या दोऱ्या एकमेकींत अडकल्यात." आई म्हणायची, "खाली येऊन बघा." ती कधी आली नाही, पण ओरडायची मात्र नेमाने.

माझी सगळी पुस्तकं आईनेच वाचून दाखवली, इस्त्री करता करता. तिला गणितातलं ओ की ठो कळत नाही, पण वाचते चोख. त्यामागे आमचा एक करार आहे. मी लहान असताना तिने एका गोष्टीतलं कुत्रं मरतं ते पान गाळलं होतं. मला वाईट वाटू नये म्हणून. मला ते शाळेत कळलं आणि मी घर डोक्यावर घेतलं. तेव्हापासून ठरलं, जे लिहिलंय ते सगळं वाचायचं. तळटीप, छपाईची चूक, मागच्या पानावरची जाहिरात, सगळं. आणि शेवटी 'संपलं' म्हणायचं, म्हणजे मला कळतं की आता कागदावर काही उरलं नाही.

निकालाआधी आम्ही दोघी परीक्षा विभागात गेलो. काउंटरवरच्या कारकुनाला मी म्हटलं, मला सूट नको, माझा प्रश्न मला द्या. तो आईला म्हणाला, "काकू, लोक इथे मार्क वाढवून घ्यायला येतात. ह्यांचं उलटंच. आंधळा मागतो एक—" आणि गप्प झाला. त्याचा श्वास अडकलेला मला ऐकू आला.

"डोळा, देव देतो दोन," मी म्हटलं. "पूर्ण करा, मला माहितीये ती. मी एकही मागितलेला नाही, हीच तर तक्रार आहे."

त्याने घाईघाईने आम्हाला परीक्षा नियंत्रकांकडे सोडलं. नियंत्रक गोड बोलणारे होते. म्हणाले, नियम तुमच्याच भल्यासाठी आहे, आकृती बघता येत नाही म्हणून तुमचं नुकसान होऊ नये. मी म्हटलं, नुकसान आकृतीने होत नाही, ताऱ्याने होतंय. ते म्हणाले, नियम म्हणजे नियम. आई तोवर भिंतीजवळ उभी होती. भिंतीवर नियमांचा तक्ता लावलेला. सवयीने ती तो मोठ्याने वाचायला लागली, पहिल्या ओळीपासून. नियंत्रक म्हणाले, "अहो, हे काय?" आई थांबली नाही. बऱ्याच खाली गेल्यावर ती वाचत होती, "'दृष्टिहीन परीक्षार्थीने मागणी केल्यास त्यास आकृतीच्या प्रश्नातून सूट द्यावी.'" इथे मात्र ती थांबली. "मागणी केल्यास, असं आहे साहेब. हिने कुठे केली?"

नियंत्रकांनी खुर्ची सरकवली, उठले, तक्ता स्वतः पुटपुटत वाचला. मग म्हणाले, "शुक्रवारी या. विभागप्रमुख तोंडी घेतील."

विभागप्रमुख म्हणजे मला शिकवणारे सर. पेपरही त्यांनीच काढलेला. वर्गात ते फळ्यावर खडू ओढत म्हणायचे, "ही इथून अशी जाते, ती तिथून अशी येते, आणि बघा, इथे भेटल्या." मी विचारायचे, कुठून कुठे, सर? वर्ग हसायचा. सरही हसायचे, प्रेमाने. मग माझ्यापुरते आकडे सांगायचे, आजारी माणसाला पेज वाढावी तसे. आकडे म्हणजे पथ्याचं खाणं आणि चित्र म्हणजे खरं जेवण, असं त्यांचं ठाम मत. चिडचिड व्हायची माझी. पण शिकवणारे तेच, मग बोलणार काय?

शुक्रवारी सरांच्या खोलीत आम्ही चौघं होतो. सर, नियंत्रक, आमचे पेपर तपासणाऱ्या नव्या मॅडम आणि मी. आईला दाराबाहेर बाकावर बसवलं होतं, पण दार उघडं होतं.

"घाबरू नकोस हं, बाळ," सर म्हणाले.

मी घाबरलेली नव्हते. पण तसं म्हटलं असतं तर त्यांना तेही कौतुकाचं वाटलं असतं, म्हणून गप्प बसले.

त्यांनी प्रश्न वाचला. "सोबतच्या आकृतीत दोन रेषा दाखवल्या आहेत. पहिली, एक्स बरोबर एक अधिक दोन टी, वाय बरोबर दोन अधिक टी, झेड बरोबर तीन वजा टी. दुसरी, एक्स बरोबर पाच वजा एस, वाय बरोबर एक अधिक एस, झेड बरोबर एक अधिक एस. या रेषा जिथे एकमेकींना छेदतात तो बिंदू काढा. दोन्ही रेषा ज्या प्रतलात आहेत त्याचं समीकरण लिहा. आता हे बघ, आकृतीत काय आहे ते मी तुला सांगतो—"

"आकृती नको, सर. आकडे मिळाले."

मी दोऱ्या बांधल्या. पहिलीचा खिळा एक, दोन, तीनवर. तिथून ती पुढे जाता जाता खाली उतरते. दुसरीचा खिळा पाच, एक, एकवर. ती उलटी येते आणि चढत जाते. पहिलीवर टी एक घेतला आणि दुसरीवर एस दोन, तर दोघींचा एक्स तीन येतो आणि वायही तीन. म्हणजे वरून खिडकीतून बघितलं तर त्या एकमेकींवर येतात. मग उंची पाहिली, म्हणजे झेड. पहिलीची तीन वजा एक, दोन. दुसरीची एक अधिक दोन, तीन. मी पुन्हा एकदा पाहिलं. दुसरा कुठला टी आणि एस चालतो का तेही पाहिलं. नाही चालत.

"सर, या भेटत नाहीत," मी म्हटलं.

सर हसले. तेच ते, वर्गातलं.

"बाळ, आकृतीत स्पष्ट दिसतंय. छेदतात त्या. म्हणून तर तुला सूट ठेवली होती ना. यात तुझा दोष नाही."

नियंत्रकांचं पेन कागदावर टेकलेलं मला ऐकू आलं. "मग उत्तर चूक असं लिहू?"

त्या क्षणी मला जे झालं त्याला राग हा शब्द पुरत नाही. माझं उत्तर चुकलं म्हणाले असते तर मी सहन केलं असतं. पण मला दोष नाही म्हणाले. माझी चूकसुद्धा मला करू द्यायला तयार नव्हते. मी दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"सर, जिथे त्या भेटतात तिथे बोट ठेवा."

"हे काय, इथे." कागदावर नख वाजलं.

"ते कागदावर झालं. कागदाला उंची नसते. त्या जागेचे तीन आकडे सांगा."

"तीन, तीन, दोन," सरांनी आदर्श उत्तरातून वाचलं.

"तो पहिल्या रेषेवर आहे. आता दुसरीत घालून बघा."

नव्या मॅडमच्या बाजूने पेन्सिलीचा खसखस आवाज आला आणि थांबला. पुन्हा आला आणि पुन्हा थांबला.

"सर," त्या हळूच म्हणाल्या, "दुसरीची उंची तिथे तीन येतेय."

"असं कसं येईल?"

"उत्तरात प्रतलाचं समीकरण काय दिलंय, मॅडम?" मी विचारलं.

"दोन एक्स, वजा वाय, अधिक तीन झेड, बरोबर नऊ."

"त्यात दुसरीचा खिळा घाला. पाच, एक, एक."

"दहा वजा एक, अधिक तीन. बारा."

"नऊ यायला हवे होते ना?"

"हो, नऊ."

"दुसरीवरचा कुठलाही बिंदू घाला, बाराच येतील. पहिली एका चादरीवर आहे, दुसरी तिच्या वरच्या चादरीवर. दोघींना मिळून एक चादर नाही. म्हणून प्रश्नाच्या दुसऱ्या भागालाही उत्तर नाही."

सरांनी कागद ओढून घेतला. बराच वेळ खुडबुड केली. मग जे सांगितलं ते इतकं साधं होतं की मला हसूही येईना. प्रश्न जुना होता, मागच्या एका पेपरातला. मुलं जुनी उत्तरं पाठ करून येतात म्हणून सरांनी शेवटचा एक आकडा बदलला. दुसरीच्या उंचीत नुसता एस होता, तिथे एक अधिक एस केलं. दोरी उचलली गेली. आकृती मात्र जुनीच राहिली, आणि आदर्श उत्तर काढताना त्यांनी पहिली दोन समीकरणं सोडवून पहिल्या रेषेत घातली. जुनंच उत्तर आलं, म्हणून सगळं ठीक वाटलं.

"आणि मुलांनी काय लिहिलं?" मी विचारलं.

"सगळ्यांनी हेच," नव्या मॅडम म्हणाल्या. "तिसरं समीकरण कुणीच तपासलं नाही. मीही नाही. दिसतच होतं ना." त्यांच्या बोलण्यात लाज होती आणि ती त्यांनी लपवली नाही, म्हणून त्या एकट्याच मला त्या खोलीत आवडल्या.

नियंत्रकांना लाजेपेक्षा निकालाची काळजी होती. त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं. आठवा प्रश्न रद्द, सगळ्यांना पूर्ण मार्क. त्यांच्या आवाजात सुंठीवाचून खोकला गेल्याचा आनंद होता. "तुलाही पूर्ण," ते मला म्हणाले, जणू खिशातून चॉकलेट काढून देत होते.

"आणि तारा?"

"तारा राहील. प्रश्नच रद्द झाला म्हटल्यावर तू तो सोडवलास असं कसं लिहिणार? नोंदीत तुझी सूट आहे. ती तशीच राहणार."

मी उभी राहिले. कॉलेजातल्या तमाम डोळसांनी नसलेला बिंदू शोधून काढला, त्यांची मार्कशीट कोरी. मी तो नाही म्हणाले, तर माझ्या कपाळावर तारा. वर हे सगळं माझ्या भल्यासाठी.

"साहेब," मी म्हटलं, "आकृतीने फसलात म्हणून तुम्ही सगळ्यांना त्या प्रश्नातून सोडवलंत. याला सूटच म्हणतात. आकृती बघता येत नाही म्हणून मला, आणि बघता येते म्हणून त्यांना. मग तारा सगळ्यांना लावा. सगळ्यांच्या मार्कशीटवर लिहा, भूमितीय भागातून सूट."

"काहीतरीच बोलू नकोस."

"मग माझाही काढा. एक तर सगळ्यांना, नाहीतर कुणालाच नाही."

दारातून आईचा आवाज आला, दुकानात गिऱ्हाईक डाग दाखवून पैसे कापायला लागलं की लागतो तसा. "बरोबर बोलतेय ती, साहेब. मी इथेच बसलेय. दुकान आज बंदच ठेवलंय."

नियंत्रक म्हणाले, बघतो. सर मला जिन्यापर्यंत सोडायला आले. "मनावर घेऊ नकोस," म्हणाले. मी म्हटलं, "सर, तुम्ही घ्या."

मार्कशीट आली त्या सकाळी आम्ही ती काउंटरवर घेतली. आईने तिथेच वाचली. एकेक विषय, एकेक आकडा, आणि मग, "तारा नाहीये गं." मी इतकी खूश झाले की बाकी कशाकडे माझं लक्षच गेलं नाही. तशाच आम्ही थेट शाळेत गेलो, बाईंकडे.

बाईंच्या खोलीत जुन्या ब्रेल पुस्तकांचा जाड कागदी वास असतो. त्यांनी चहा मागवला आणि आईला म्हणाल्या, "वाचा हो, मलाही ऐकू दे. विश्वस्तांना उद्या कळवायचंय."

आईने वाचलं. विषय, मार्क, एकूण, उत्तीर्ण. आणि कागदाची घडी घातली.

मी वाट बघत होते. पुढचा शब्द आला नाही. काउंटरवरही आला नव्हता, हे मला आत्ता आठवलं.

"आई, संपलं म्हणाली नाहीस."

"झालं की वाचून."

"मग म्हण ना संपलं."

बाईंनी कप खाली ठेवला.

"खाली काहीतरी लिहिलंय," मी म्हटलं. "वाच."

"राहू दे ना गं. तारा नाहीये, ते महत्त्वाचं. विश्वस्तांनी तारा नको म्हटलं होतं."

"शेरा नको म्हटलं होतं. जे लिहिलंय ते वाच, आई."

कागद उलगडला. आई कधी चाचरत नाही, पण तेव्हा चाचरली. "'परीक्षार्थीच्या शारीरिक स्थितीचा सहानुभूतीपूर्वक विचार करून सवलतीची नोंद वगळण्यात आली आहे.'" मग खूप वेळाने म्हणाली, "संपलं."

चूक त्यांची, उत्तर माझं, आणि सहानुभूतीही त्यांचीच. आता ही मार्कशीट जिथे जिथे जाईल तिथे लोकांना वाटणार, हिला दया म्हणून सोडलं. तारा तरी गप्प होता, ही ओळ तर बोलत होती. आणि माझी जागा हातची जात होती, तीही मीच वाचायला लावलं म्हणून.

"नक्की काय झालं होतं?" बाईंनी विचारलं.

मी दोन्ही समीकरणं सांगितली. बाई भाषा शिकवतात. "मला कळेल असं सांग," म्हणाल्या.

मी माझी काठी घेतली आणि त्यांची मागितली. एक काठी टेबलाच्या कडेवरून पुस्तकांवर तिरकी टेकवली. दुसरी तिच्या वरून आडवी धरली, मध्ये मूठभर जागा सोडून. "चाचपा," मी म्हटलं.

बाईंनी पहिल्या काठीवरून बोटं नेली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग दुसरीवरून. मग पुन्हा पहिलीवरून, हळू, सांधा शोधत.

"कुठे भेटतात?"

"नाहीच भेटत."

"आणि ते म्हणाले भेटतात?"

"हो. स्पष्ट दिसतंय म्हणाले."

बाई हसायला लागल्या, आधी नाकातून, मग खुर्ची करकरेपर्यंत. हसता हसताच आईला म्हणाल्या, "ती शेवटची ओळ परत वाचा हो. सहानुभूती कुणाला?" आईने परत वाचली. या वेळी चाचरली नाही.

"विश्वस्तांच्या बैठकीला तू ये," बाई म्हणाल्या. "कागद मी त्यांना त्या ओळीसकट वाचायला लावते. मग या दोन काठ्या अशाच धर. त्यांना डोळे मिटून चाचपू दे, आणि भेटतात कुठे ते दाखवू दे. ज्याला दाखवता येणार नाही त्याने तुझ्या नेमणुकीवर सही करायची. तू मुलांची तयारी सुरू कर."

रस्त्यावर आल्यावर मी आईचा हात धरला, पण तिच्याशी बोलले नाही. तिलाही ते कळत होतं.

"जागा जाईल वाटलं," ती बऱ्याच वेळाने म्हणाली. "म्हणून गाळली."

"त्या लेखनिकेनेही माझा वेळ वाचावा म्हणूनच आठवा प्रश्न गाळला होता."

आईचा हात माझ्या हातात घट्ट झाला. सोड्याने खरखरीत झालेला हात. "पुन्हा नाही गाळणार," ती म्हणाली.

कोपऱ्यावर सिग्नल लागला होता, आम्ही थांबलो. समोर कसला तरी मोठा फलक असावा, कारण आई अचानक तिच्या चोख आवाजात वाचायला लागली, मी न सांगता. "'नवीन घरं. प्रशस्त खोल्या, भरपूर उजेड.' चित्रात एक इमारत आहे, पुढे बाग आहे. खाली फोन नंबर आहे." तिने नंबर वाचला. मग जरा पुढे झुकली, बारीक अक्षरं असणार. "'चित्र केवळ कल्पना यावी म्हणून दिले आहे. प्रत्यक्षात फरक असू शकतो.'" आणि म्हणाली, "संपलं."